सहा टिंबांची बखर

इ. स. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची चाल मराठी घरात पडली. तेव्हापासून अंक घरात आला की तो आधी कोणी वाचायचा यावरून भावंडांत कुरबूर व्हायची, वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून निवाडा करायचा, आणि अखेर भाऊबिजेपर्यंत अंकाची पाने मऊ होऊन जायची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु अशाच एखाद्या घरात ज्याला दिसत नाही असा एखादा काका, एखादी आत्या किंवा एखादा मुलगाही असे. नव्या शाईचा वास त्याला येई, पाने उलटल्याचा आवाज ऐकू येई. आत काय लिहिले आहे ते मात्र दुसऱ्या कोणाला सवड होईल तेव्हा कळे. ह्या माणसाच्या हाती पुस्तक कसकसे आले, त्याची ही हकीकत आहे. ती दोनशे वर्षांहून अधिक काळाची आहे आणि अजून पुरी झालेली नाही.

डोळ्यांवाचून विद्या मिळवणे ही गोष्ट आपल्या देशाला नवी नव्हती. जेथे वेद कानांनी शिकले व मुखाने राखले, जेथे अभंग आणि ओव्या जात्यावर आणि कीर्तनात पाठ झाल्या, तेथे अंध माणूस अगदीच बाहेर पडला नाही. सूरदासांचे नाव तर घरोघर आहे. आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यात १८८१ साली जन्मलेले गुलाबराव महाराज वर्षाचे होण्याच्या आतच दृष्टीला मुकले. तरीही ते ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घेत, एकदा ऐकलेले मनात धरून ठेवीत, आणि १९१५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवण्यापूर्वी त्यांनी शंभरावर ग्रंथ सांगून लिहविले. लोकांनी त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले ते उगीच नव्हे.

तथापि अशा थोरांची उदाहरणे देताना एक गोष्ट आपण विसरतो. ऐकून शिकणाऱ्याला वाचून दाखवणारा लागतो. ग्रंथ कोणता घ्यायचा, कोठे थांबायचे, कोणते पान पुन्हा पाहायचे, हे सारे दुसऱ्याच्या सवडीवर व मर्जीवर. महाराजांना वाचून दाखवणारे शिष्य मिळाले. ज्याला शिष्य नाहीत, ज्याच्या घरात वाचता येणारे दुसरे कोणी नाही, त्या मुलाने काय करावे? त्याच्या वाट्याला ओसरीवरचा कोपरा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पावले ओळखण्याचे कसब एवढेच येई. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या वेळी, एकट्याने वाचणे ही चैन नव्हे. ते शिक्षणाचे मूळ आहे. ते अंधांना मिळाले ते पॅरिस शहरी.

१७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत व्हॅलेंतीन हाउई नावाच्या तरुणाने एक तमाशा पाहिला. काही अंध माणसांच्या डोक्यांवर विदूषकी टोप्या घालून, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे चष्मे चढवून, त्यांच्याकडून बेसूर वाद्ये वाजवून घेतली जात होती आणि लोक पोट धरधरून हसत होते. हाउईला हसू आले नाही. पुढे चर्चच्या दाराशी भीक मागणाऱ्या एका अंध मुलाला त्याने आपला पहिला विद्यार्थी केले, आणि १७८५ च्या सुमारास अंध मुलांची शाळा उभी केली. कागद ओला करून त्यावर मोठी अक्षरे दाबून उठवायची आणि मुलांनी ती बोटांनी चाचपायची, ही त्याची रीत. रीत खरी, पण फार सावकाशीची. अक्षराच्या आकाराची वळणे डोळ्यांसाठी घडवलेली असतात. बोटाला ती ओळखताना वेळ लागतो, आणि वाक्याचा शेवट हाती येईपर्यंत आरंभ विसरून जातो. शिवाय अशी अक्षरे वाचता आली तरी मुलांना ती स्वतः लिहिता येत नसत.

ह्याच शाळेत १८१९ साली दहा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याचे नाव लुई ब्रेल. ४ जानेवारी १८०९ रोजी, म्हणजे आपल्या पहिल्या दिवाळी अंकाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, पॅरिसजवळच्या कूव्रे गावी त्याचा जन्म झाला. बाप खोगिरे आणि लगामे शिवणारा कारागीर. तीन वर्षांचा लुई बापाच्या दुकानात चामड्याशी खेळत असता हातातली आरी निसटून डोळ्यात गेली. ती जखम चिघळून दुसरा डोळाही गेला. पाचव्या वर्षी त्याला काहीच दिसेनासे झाले.

१८२१ साली शार्ल बार्बिये नावाच्या गृहस्थाने ह्या शाळेपुढे एक नवी युक्ती ठेवली. अक्षरे उठवण्याऐवजी कागदावर टिंबे उठवायची. बोटाला रेघेपेक्षा टिंब चटकन कळते, हे त्यातले मर्म. परंतु त्याच्या पद्धतीत एका खुणेला बारापर्यंत टिंबे लागत. ती एका बोटाखाली मावत नसत. शिवाय खुणा उच्चारांच्या होत्या, अक्षरांच्या नव्हत्या; त्यामुळे शुद्धलेखनाला जागाच नव्हती. लुईने रात्री जागून, सुट्टीत घरी बसून, त्या पद्धतीची काटछाट केली. बारांची सहा टिंबे केली, आणि उच्चार सोडून अक्षर धरले. १८२४ साली हे काम मार्गी लागले तेव्हा त्याचे वय पंधरा वर्षांचे होते. १८२९ साली त्याने ती पद्धत छापून प्रसिद्ध केली. ज्या आरीने डोळे नेले तिच्यासारख्याच एका टोकदार टोच्याने ही टिंबे उठवायची, हा योगायोग पाहून मन थबकते.

एवढी सोपी गोष्ट लगेच सर्वांनी उचलली असेल असे आपणांस वाटेल. पण तसे घडले नाही. डोळस शिक्षकांना ती टिंबे वाचता येत नव्हती. आम्हांला न कळणारी लिपी मुलांना कशाला, ती शिकून मुले समाजापासून तुटतील, असे त्यांचे म्हणणे पडले. काही वर्षे शाळेत ती लिपी बंदही होती. मुलांनी मात्र ती सोडली नाही. लपूनछपून ती एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत राहिली. अखेर १८५४ साली फ्रान्समध्ये तिला मान्यता मिळाली. तेव्हा लुई ब्रेलला जाऊन दोन वर्षे झाली होती. पुढे शंभर वर्षांनी, १९५२ साली, त्याच्या अस्थी राष्ट्राच्या थोर पुरुषांशेजारी पॅरिसच्या पाँथेऑनमध्ये नेल्या. त्याचे हात मात्र कूव्रे गावाने आपल्याजवळच ठेवून घेतले.

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प ह्या मिशनरी बाईंनी काढली. ती पुढे डेहराडूनला गेली. मुंबईत १९०० साली, दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलांचे लोंढे शहरात आले त्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. हीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. १९३९ साली ह्या शाळेत लाहोरहून एक मूल आले. त्याला पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. मेंदूच्या तापाने त्याची दृष्टी गेली होती, आणि मुलाला भिकेला लावायचे नाही असा निश्चय केलेल्या डॉक्टर बापाने त्याला तेराशे मैलांवर धाडले होते. हा मुलगा म्हणजे पुढे इंग्रजीत मोठे नाव मिळवलेले लेखक वेद मेहता. दादरच्या त्या दिवसांवर त्यांनी १९८२ साली ‘वेदी’ हे पुस्तक लिहिले. एका मुलाच्या शाळेसाठी तेराशे मैलांचे अंतर! ज्याचा बाप डॉक्टर नव्हता, त्याला ते अंतर कोठून कापता येणार?

आणखी एक अडचण होती. युरोपात एक लिपी होती. आपल्याकडे ब्रेलचेही प्रांत पडले होते. निरनिराळ्या शाळांनी आपापल्या भाषेसाठी निरनिराळे संकेत बसवले होते, त्यामुळे एका शाळेचे पुस्तक दुसऱ्या शाळेत मुके होई. स्वातंत्र्यानंतर हा गोंधळ मिटवण्याचे काम झाले. गॅलिपोलीच्या लढाईत डोळे गमावलेले न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेंझी आणि शिक्षणखात्यात काम करणारे, स्वतः दृष्टिहीन असलेले लाल अडवाणी यांची नावे ह्या कामात घेतली पाहिजेत. युनेस्कोच्या साहाय्याने १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ठरली आणि त्याच साली डेहराडूनला ब्रेलचा सरकारी छापखाना निघाला.

भारती ब्रेलची मौज अशी, की मराठीचा ‘क’, बंगालीचा ‘क’ आणि तमिळचा ‘क’ ह्यांना एकच खूण आहे. डोळसांना जी अक्षरे ओळखू येत नाहीत ती अंध वाचकाच्या बोटांना ओळखीची वाटतात. राष्ट्रासाठी एक लिपी असावी की नसावी यावर आपल्याकडे केवढे वाद झाले; अंधांनी तो प्रश्न सहा टिंबांत सोडवून टाकला. दुसरी गोष्ट ऱ्हस्व वेलांटीची. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि ‘क’ मागून. उच्चार मात्र उलटा. ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘इ’, जसे बोलतो तसेच. लहान मुलांना पाटीवर वेलांटी शिकवताना दमलेल्या आयांना ह्याचे महत्त्व सांगायला नको.

पण ब्रेल पुस्तकाला अंग फार. जाड कागद, उठावाची टिंबे, मोठी पाने. खिशात मावणाऱ्या शब्दकोशासाठी येथे कपाट लागते. छपाई महाग, ग्रंथालये मोजकी. १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघ स्थापन झाला, पुस्तके टपालाने फिरू लागली. तरीही कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्याच्या विषयाचे पुस्तक परीक्षेआधी मिळेल याचा भरवसा नसे. मग कोणी मित्राने वाचून दाखवावे, मुलाने टोच्याने उजवीकडून डावीकडे टिंबे उठवीत टिपणे घ्यावीत, आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावीत. परीक्षेत लेखनिक मिळे. तो चांगला भेटला तर बरे; नाहीतर सांगितलेले एक आणि लिहिलेले भलतेच.

पुस्तकाने आवाज धरला तो अमेरिकेत. महायुद्धात दृष्टी गमावलेल्या आणि उतारवयात ब्रेल शिकू न शकणाऱ्या लोकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करावीत ही कल्पना १९३४ साली तेथे प्रत्यक्षात आली. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडातही बोलकी पुस्तके निघाली. पहिल्या खेपेत ॲगाथा ख्रिस्तीबाईंची एक रहस्यकथा होती हे वाचून आमच्या रहस्यकथाप्रिय वाचकांना समाधान वाटेल! सावकाश फिरणाऱ्या लांब पल्ल्याच्या ज्या तबकड्यांवर पुढे साऱ्या जगाने गाणी ऐकली, त्या दुकानात आल्या १९४८ साली. अंधांसाठी त्या चौदा वर्षे आधीच फिरत होत्या. दुबळ्यांसाठी काढलेली वाट पुढे साऱ्या गावाचा रस्ता होते, ती अशी.

तरीही बोलके पुस्तक हे कोणीतरी आधी निवडून वाचलेले पुस्तक असे. हवे ते पान, हवे तेव्हा वाचून दाखवणारे यंत्र १३ जानेवारी १९७६ रोजी रेमंड कर्झवाइल यांनी जगापुढे मांडले. पान काचेवर पालथे ठेवायचे. यंत्राने त्याचे चित्र घ्यायचे, चित्रातली अक्षरे ओळखायची आणि ती उच्चारून दाखवायची. यंत्र टेबलाएवढे आणि किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेरची. पहिल्या गिऱ्हाइकांत प्रख्यात अंध गायक स्टीव्ही वंडर होते, यावरून किंमतीची कल्पना यावी.

त्यानंतर संगणक घरोघर आला, आणि येथे आमच्या कथेला एक सुंदर वळण मिळते. संगणक सारे काही ‘आहे’ आणि ‘नाही’ ह्या दोन खुणांत साठवतो. लुई ब्रेलची लिपी तरी दुसरे काय करते? सहा जागा, प्रत्येक ठिकाणी टिंब आहे किंवा नाही. दोन गुणिले दोन असे सहा वेळा केले की चौसष्ट. त्यातली एक जागा कोरी, उरल्या त्रेसष्ट खुणा. पंधरा वर्षांच्या अंध मुलाने जी वही भरली ती यंत्रांच्या भाषेतच होती, फक्त यंत्रे यायला सव्वाशे वर्षे अवकाश होता.

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी आज्ञावली, ज्याला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात, ती टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ साली ‘जॉज’ नावाने आणली. हेंटर हे मोटारसायकलच्या शर्यतीतले स्वार. अपघातात त्यांचे डोळे गेले होते. आज्ञावली उत्तम होती, परंतु किंमत अशी की आपल्याकडील विद्यार्थ्याने दुरूनच नमस्कार करावा. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन ह्या अंध तरुणाने ‘एन. व्ही. डी. ए.’ लिहायला घेतली. जेम्स टेह हा त्याचा तसाच मित्र त्यात सामील झाला. डोळसाला पडदा पाहण्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, मग अंधाला का पडावेत, असा त्यांचा रोकडा सवाल. त्यांनी ती फुकट वाटली. आजही ती फुकट मिळते. २००९ साली हीच सोय मोबाइल फोनमध्ये येऊन बसली, आणि खेड्यातल्या मुलाच्या खिशात ग्रंथालय मावेल अशी वेळ आली.

मराठीच्या वाटेत मात्र एक धोंडा होता. आपली पुस्तके संगणकावर जुळू लागली तेव्हा बहुतेक ठिकाणी फाँटची एक क्लृप्ती चाले. पडद्यावर दिसे ‘घर’. पण संगणकाच्या पोटात साठवलेली असत रोमन अक्षरे व चिन्हे, त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला. डोळ्याला फरक कळत नसे. वाचून दाखवणारी आज्ञावली मुखवटा पाहत नाही, पोटातले पाहते. ती ‘घर’ ऐवजी भलतीच बाराखडी बडबडे. १९९१ सालच्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे हक्काचे घर मिळाले होते. पण आपल्या छपाईला तेथे राहायला जायला वर्षानुवर्षे लागली. जी पुस्तके जुन्या क्लृप्तीने जुळवली, ती आजही अंध वाचकाला तशीच बंद आहेत, जोवर कोणी त्यांचे रूपांतर करीत नाही.

दुसरा धोंडा कायद्याचा. पुस्तक ब्रेलमध्ये उतरवायचे किंवा ध्वनिमुद्रित करायचे म्हणजे प्रत काढणे. त्याला हक्कधारकाची परवानगी हवी. पत्र पाठवावे, उत्तराची वाट पाहावी, तोवर परीक्षा होऊन जावी! अंधांच्या संस्थांनी व शिक्षकांनी ह्याविरुद्ध नेटाने काम केले, आणि २०१२ सालच्या दुरुस्तीने आपल्या कायद्याने ही परवानगीची अट काढली. २७ जून २०१३ रोजी माराकेश येथे ह्याच आशयाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला संमती देणारा जगातला पहिला देश कोणता? भारत, २४ जून २०१४. हा करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला आणि एका देशात तयार झालेली प्रत दुसऱ्या देशातल्या वाचकाला पाठवता येऊ लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे महाजालावरचे ग्रंथालय आपल्याकडे उघडले. दादरच्या शाळेसाठी जे तेराशे मैल कापावे लागत, ते आता काही क्षणांत कापले जातात.

म्हणून सारे झाले काय? २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख भरली. त्यांतल्या प्रत्येकाला फोन मिळेल असे धरले, तरी पुस्तक चित्राच्या रूपाने टाकलेले असले, आकृतीचे वर्णन नसले, शाळेच्या ॲपमधल्या बटणाला नाव नसले, की सारे अडते. २०२० साली शाळा घराघरांतल्या पडद्यांवर भरल्या तेव्हा ‘हे इथे पाहा’ एवढेच म्हणणाऱ्या फळ्यापुढे अंध मूल काय पाहणार होते? आणखी एक धोका सूक्ष्म आहे. सारे ऐकूनच होऊ लागले तर मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ ह्यांतला फरक कोण शिकवणार? भूमिती आणि बीजगणित कानाने पुरे होत नाही. म्हणून जाणते शिक्षक सांगतात की यंत्राचा आवाज असावा, पण बोटांखालची टिंबे सुटू नयेत. आता अशी यंत्रेही निघाली आहेत की ज्यांच्या पट्टीवर टिंबांच्या बारीक खिळ्या वरखाली होतात आणि संगणकातले पुस्तक ओळीओळीने बोटांखाली येते. त्यांची किंमत उतरेल तेव्हा लुई ब्रेल आणि संगणक खऱ्या अर्थाने एका बाकावर बसतील.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशा साधनांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. दयेने सुरू झालेली गोष्ट हक्कापर्यंत आली. दोन शतकांच्या वाटचालीचे सार एवढेच. परंतु हक्क कागदावर येतो न्यायालयात, आणि हाती पडतो तो छापखान्यात, शाळेत व घरात.

१५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी मुंबईहून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधले मराठी पाक्षिक सुरू केले, तेव्हा अनेक वाचकांनी आपल्या भाषेतले नियतकालिक प्रथमच स्वतःच्या बोटांनी वाचले असेल. पुस्तक काढताना त्याची वाचता येण्याजोगी प्रत त्याच दिवशी निघावी, एवढे जरी आमच्या प्रकाशकांनी मनावर घेतले, तरी पुष्कळ होईल. त्याला फार खर्च नाही. आरंभापासून लक्ष ठेवावे लागते इतकेच. मग अंक घरात आला की तो आधी कोणी वाचायचा, ह्या दिवाळीच्या भांडणात त्या काकांना, त्या आत्यांना आणि त्या मुलालाही हक्काने भांडता येईल.